जुनी गाडी देऊन दुसरी जुनी गाडी घ्यायची का? हो म्हणायच्या आधी हे करा

मागच्या दिवाळीत मला एकाने ऑफर दिली. माझी प्रीमियर पद्मिनी (जिला लोक फियाटच म्हणतात) त्याला, त्याची हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा मला, आणि वर मी ७० हजार द्यायचे. पद्मिनी १९८४ ची, बाबांनी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबून घेतलेली. कॉन्टेसा १९९६ ची, इसुझू या जपानी कंपनीच्या १.८ लिटर इंजिनवाली, पाच गिअर, आणि लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर तीच गाडी लावायचे तेव्हापासून ती माझ्या मनात बसलेली. तीन आठवडे मी धड झोपलो नाही. कारण २०११ मध्ये मी अशीच एक अदलाबदल केली होती, फियाट डिलाइट देऊन स्टँडर्ड हेराल्ड घेतली होती, आणि ती घाई निस्तरायला मला तीन वर्षं लागली. म्हणून या वेळी सगळं कागदावर मांडलं आणि तेच इथे लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर बरंच.

सगळ्यात आधी एक करा, हा एक व्यवहार नाहीये, दोन आहेत. तुम्ही तुमची गाडी विकताय आणि दुसरी विकत घेताय, फक्त मधे नोटा दिसत नाहीत. आणि नोटा दिसत नाहीत म्हणूनच गडबड होते. स्वतःला असं विचारा की उद्या सकाळी कोणीतरी माझ्या गाडीचे रोख पैसे माझ्या हातात ठेवले, तर ते पैसे आणि वरचे ७० हजार घेऊन मी ह्याच माणसाकडे, हीच गाडी घ्यायला जाईन का? की आधी अजून चार कॉन्टेसा बघेन, पुण्याला एक आहे ती बघेन, नाशिकला कोणाकडे तरी आहे म्हणतात तिथे फोन करेन? जर उत्तर "अजून चार बघेन" असं असेल तर तुम्हाला कॉन्टेसा हवीय, ही कॉन्टेसा नकोय. या दोन गोष्टी एक वाटतात पण आहेत खूप वेगळ्या, माझं हेराल्डच्या वेळी नेमकं हेच चुकलं होतं.

दोन्ही गाड्यांच्या किमती वेगवेगळ्या लिहा, आणि लोक जाहिरातीत जे मागतात ते आकडे धरू नका, ओळखीत जी गाडी खरंच विकली गेली ती कितीला गेली ते विचारा. अदलाबदलीत दोघंही आपापली किंमत फुगवून सांगतात, दोघांनी सारखीच फुगवली तर फरक पडत नाही, पण एकाची बाबांची आठवण असते आणि दुसऱ्याला फक्त जागा रिकामी करायची असते, तेव्हा वरच्या पैशांचं गणित कोणाच्या तरी अंगावर येतं.

आता खरा मुद्दा. तुमच्या गाडीचे आजार तुम्हाला माहीत आहेत, समोरच्या गाडीचे नाहीत. माझ्या पद्मिनीचं मागच्या डाव्या ब्रेकचं व्हील सिलिंडर दर दोन वर्षांनी गळतं, ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाच्या वर उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो, दुसरा गिअर थंडीत जरा समजावून टाकावा लागतो. हे ऐकायला वाईट वाटतं पण यातल्या प्रत्येक गोष्टीचा खर्च मला साधारण माहितीय आणि तो करणारा माणूसही माहितीय. कॉन्टेसा चकचकीत होती आणि मालक म्हणाला "एक रुपयाचं काम नाही", म्हणजे मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी एक नियम केलाय, नवीन येणाऱ्या जुन्या गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला पाहिजेत, ते नसतील तर अदलाबदल करायची नाही. वरचे ७० हजार देऊन खिसा रिकामा होत असेल तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, बाकी कितीही आवडो.

म्हणून आधी आपल्याच गाडीची यादी करा. एक वही घ्या, काय चांगलंय, काय बिघडलंय, काय कधी बदललं, बिलं असतील ती चिकटवा. मी लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला ज्याचा वैताग आला होता त्यातल्या निम्म्या गोष्टी वीस-पंचवीस हजारांत सुटणाऱ्या होत्या आणि मी त्या वर्षभर टाळत होतो. खूपदा माणसाला दुसरी गाडी नको असते, आहे तीच नीट चालायला हवी असते. तर गाडी बदलायच्या आधी ती एकदा पूर्ण नीट करा, महिनाभर चालवा, मग ठरवा. नीट केलेली गाडी विकायलाही बरी जाते, त्यामुळे ते पैसे सगळे वाया जात नाहीत.

समोरची गाडी बघायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका आणि सकाळी जा. मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर समजा की थंड इंजिनचा काहीतरी प्रॉब्लेम लपवलाय, किंवा मालकाला फक्त सवय असेल, पण मग दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू होताना येणारा धूर, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखं काही आहे का, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हे सगळं थंडच बघायचं. मग सिलिंडरचं कंप्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, गेज कुठल्याही बऱ्या मेकॅनिककडे असतो, आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर इंजिन उघडायचा खर्च धरूनच बोला.

पण इंजिनला फार घाबरू नका, इंजिन बनतं. मुंबईत गाडी मरते ती पत्र्याने. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, त्यात आपण प्रेमाने कव्हर घालतो आणि आतली ओल तशीच राहते. छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरची गोलाई, हेडलाइटच्या मागचा मडगार्ड, डिकीचं तळ, सगळीकडे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. कार्पेट उचला, फ्लोअर अंगठ्याने दाबा. शक्य असेल तर रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारा, आणि खालून नवीन काळा जाड कोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका, तो कशावर मारलाय ते विचारा.

हेराल्डच्या वेळी मी हे केलं नव्हतं. हेराल्डला वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली, बॉनेट पुढच्या बाजूला अख्खं उघडतं आणि इंजिन असं समोर दिसतं की माणूस तिथेच खिळून राहतो. मी पण तेच बघत बसलो. चासीपासून बाजूला जाणारे जे हात असतात, ज्यांच्यावर बॉडीचं वजन येतं, ते आतून सडलेले होते आणि वरून पत्र्याचे तुकडे लावून रंगवलेले. पहिल्याच पावसाळ्यात दरवाजा बंद होईना, बॉडीच खाली बसली होती. मग बॉडी उतरवणं, नवीन हात बनवून घेणं, योग्य कारागीर शोधणं, यात तीन वर्षं गेली, आणि माझी डिलाइट तेवढ्यात त्या माणसाने पुढे विकूनही टाकली होती. तिचा पत्ता लागला नाही परत. अदलाबदलीतलं हे सगळ्यात वाईट आहे, साध्या खरेदीत पैसे जातात, इथे गाडीही जाते.

पाण्यात बुडालेली गाडी हा मुंबईचा वेगळा विषय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि कुर्ला, कलिना, साकीनाका भागात गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या, त्यातल्या कित्येक धुऊन पुसून परत रस्त्यावर आल्या. तर २००५ मध्ये ही गाडी कुठे उभी होती हे थेट विचारा. सीटखालच्या स्प्रिंगा, डॅशबोर्डच्या मागचे स्क्रू, हेडलाइटच्या आतली चिखलाची रेघ, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवा गंज, हे खोटं बोलत नाहीत.

समोरची गाडी पद्मिनी असेल तर ती आधी टॅक्सी होती का ते बघा. टॅक्सी असणं पाप नाही, पण किंमत वेगळी. छताच्या आतलं कापड कोपऱ्यातून जरा सोडवलं की पिवळा रंग दिसतो, दरवाज्याच्या खांबाच्या आत काळा. जुने मेकॅनिकल मीटर बाहेरून पुढच्या डाव्या बाजूला असायचे, तिथे भरलेली भोकं सापडतात, आणि डिकीत सीएनजीच्या सिलिंडरच्या पट्ट्यांची भोकं. आरसीच्या जुन्या नोंदीत तर सगळं निघतंच.

आता स्पेअर पार्ट. पद्मिनी कुर्ल्यात बनायची, प्रीमियरच्या कारखान्यात, आणि शहरभर टॅक्सी होती म्हणून तिचं सामान कोपऱ्यावर मिळायचं. इंजिन १०८९ सीसीचं, साधं, डोळे मिटून उघडणारे मिस्त्री अजून आहेत, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली आणि तेव्हापासून भंगारातून येणारं सामान हळूहळू आटतंय हे मला ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पष्ट जाणवतं. कॉन्टेसाचं उलटं आहे. इसुझूचं इंजिन अॅम्बॅसॅडरलाही लागायचं त्यामुळे इंजिनचं सामान मिळून जातं, पण पुढची काच, मागचे दिवे, दरवाज्याचं रबर, आतली प्लॅस्टिकची फिनिशिंग, हे मिळणं खरंच कठीण. म्हणून गाडी बघताना इंजिनपेक्षा काचा, दिवे आणि क्रोम जास्त बारकाईने बघा. व्यवहाराच्या आधी पाच पार्ट निवडा, विंडशील्ड, टेललाइट, ब्रेक मास्टर सिलिंडर, क्लच प्लेट आणि दरवाज्याचं बीडिंग, आणि ते स्वतः फोन करून शोधा. पाचपैकी तीन आठवड्याभरात सापडले तर ठीक. एक सापडला तर तुम्ही गाडी नाही, एक न संपणारा शोध घेताय, आणि तो करायला तुमच्याकडे वेळ आहे का ते घरच्यांसमोर बसून ठरवा.

कारागिराचंही तसंच. तुमच्या मिस्त्रीला विचारा की ही दुसरी गाडी तुम्ही हातात घ्याल का. माझे मिस्त्री ६८ वर्षांचे आहेत, फियाट त्यांनी पोरवयापासून केली, कॉन्टेसाला ते सरळ नाही म्हणाले, आणि मला त्यांचा तो नकार सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

पेट्रोलचा विचार पण करा. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा, गॅस्केट हे त्याच्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी दोन महिने उभी राहिली तर टाकीत पाणी तळाला बसतं आणि आतून गंज धरतो. समोरच्याने पाइप आणि पडदा बदललाय का, कधी, हे विचारा, नसेल तर तो खर्च तुमच्या यादीत घ्या. १.५ लिटरची जुनी अॅम्बॅसॅडर किंवा सुरुवातीची १.५ ची कॉन्टेसा असेल तर अजून एक, ते बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) इंजिन, त्याचं हेड बिडाचं, शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. शिशाचं पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झालं, आणि शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटला जे संरक्षण मिळायचं तेही गेलं. नंतर हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या का ते विचारून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातात.

पार्किंग मोजा. खरंच टेप घेऊन मोजा. पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब, कॉन्टेसा साधारण ४.६. आमच्या सोसायटीत मला जी जागा आहे तिथे खांबामुळे ४.३ च्या वरची गाडी तिरकी उभी करावी लागते आणि शेजारच्या काकांचा दरवाजा उघडत नाही. रस्त्यावर उभी केली तर पाऊस, मांजरी, भाजीच्या गाड्यांचे ओरखडे आणि टोइंग. माझ्यासाठी हा एकच मुद्दा जवळजवळ पुरेसा होता.

कागदांकडे येतो, इथे कंटाळा करू नका. गाडीवर पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. मुंबईत कित्येक जुन्या गाड्या अजून आजोबांच्या नावावर आहेत, ते जाऊन दहा वर्षं झालेली असतात. मग आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर ट्रान्सफर, बाकी वारसांची संमती, आणि त्यानंतरच तुमच्या नावावर. हे होईपर्यंत गाडी बदलू नका, माणूस कितीही सज्जन असो, उद्या त्याचा भाऊ उभा राहू शकतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा आणि आरसीशी जुळवा, इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद हवी. सरकारच्या 'वाहन' या साइटवर स्टेटस, फिटनेसची तारीख, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं बघा. गाडी दिल्लीची असेल तर दुप्पट काळजी, तिकडे पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा घातली गेली त्यामुळे रजिस्ट्रेशन जिवंत आहे का हेच आधी बघायचं, आणि परराज्यातून आणली तर एनओसी आणि इथला टॅक्स वेगळा.

१५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं, फिटनेस होते, पर्यावरण कर भरावा लागतो. २० वर्षांवरच्या कारला रिन्यूअलची फी २०२५ मध्ये १० हजार केली. म्हणून दोन्ही गाड्यांचं रिन्यूअल कधी येतंय ते लिहा, सहा महिन्यांत येणार असेल तर ते वरच्या पैशांतून कापून घ्या. २०१९ च्या आधीच्या गाडीला नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली का तेही बघा. आणि ५० वर्षं ओलांडलेली गाडी येत असेल तर २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन घेता येतं, नवीन नोंदणीला २० हजार फी, पण मग ती गाडी रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. ज्याला रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन माटुंग्याला इडली खायला जायचंय त्याने आपली बिनविंटेज १९८४ ची गाडी देऊन तशी नोंदलेली गाडी घेतली तर तो गाडीच बदलत नाहीये, रविवारच बदलतोय.

चालवून बघायला अर्धा तास पुरत नाही. दोघांनी एकमेकांची गाडी एक अख्खा दिवस वापरावी, इन्शुरन्स चालू आहे ना ते बघून. माझा रस्ता ठरलेला आहे, सायन सर्कलला दुपारी ट्रॅफिकमध्ये उभी करायची, मग केम्प्स कॉर्नरचा चढ, मग ईस्टर्न फ्रीवेवर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडल्यासारखं हलकं धरायचं आणि ओढते का बघायचं. परत येऊन गाडी बंद करायची, दहा मिनिटं थांबून परत सेल्फ मारायचा. गरम गाडी नखरे करते ती याच वेळी. कॉन्टेसा फ्रीवेवर अप्रतिम होती हे मला मान्यच करायला हवं, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जी शांतता आहे ती पद्मिनीत कधीच येणार नाही. पण खालून मागच्या चाकांच्या आतले दोन पॅच दिसले, विंडशील्डला कोपऱ्यात तडा होता, आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं, रोख पैसे हातात असते तर मी ही कॉन्टेसा घेतली नसती. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. वाईट वाटलं त्याला, मलाही.

आणि तुम्हीही तुमच्या गाडीचे दोष समोरच्याला सांगा, सगळे. ही माणसं मोजकी आहेत, विंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या रॅलीला, पार्ट शोधताना, कुठे ना कुठे परत भेटणारच, आणि लपवलेला गंज पुढच्या पावसाळ्यात बोलतोच.

सगळं जुळलं आणि अदलाबदल करायचीच ठरली तर दोन वेगळी विक्रीपत्रं करा, दोन्हीवर खरी किंमत, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही गाड्यांचे एकाच दिवशी. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, पण तुम्ही दोघं एकत्र जा म्हणजे एकाची बदली होऊन दुसऱ्याची अडकली असं होत नाही. नुसती स्टॅम्प पेपरवर सही करून किल्ल्या बदलायच्या नाहीत, उद्या त्या गाडीने कोणाला ठोकलं तर नोटीस तुमच्या घरी येते. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या, नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, तो आपल्या नव्या पॉलिसीला घ्या. फास्टॅग काढून बंद करा.

किल्ल्या देताना दोन्ही गाड्यांच्या मीटरचा फोटो काढा. स्टेपनी, जॅक, पाना, जास्तीच्या किल्ल्या, घरात कुठेतरी ठेवलेली जुनी हबकॅप, माळ्यावरचा जुना कार्ब्युरेटर, सगळं त्या गाडीबरोबर जाऊ द्या. आणि ती वही द्या, मिस्त्रीच्या फोन नंबरसकट, आणि त्याच्याकडे त्याची मागा. त्याच्याकडे वही नसेल तर चहा सांगा, पेन घ्या, आणि तो जेवढं आठवेल तेवढं त्याच्यासमोर बसून लिहून घ्या.